डहाणूचा प्लॉट फोनवरच घ्यावा का?

प्रश्न : डहाणू-तलासरीकडच्या बंगला प्लॉटच्या जाहिराती रोज फोनवर येतात. सातबाराही आता ऑनलाइन दिसतो. मग सगळा व्यवहार घरबसल्या का उरकू नये? – एक वाचक, बोरिवली

उत्तर : शंका रास्त आहे, कारण निम्मे काम खरोखरच घरबसल्या होऊ लागले आहे. पूर्वी बोर्डी-घोलवडला जागा हवी तर ओळखीचा माणूस नाहीतर एजंट गाठावा लागे. आता वाडीचा मालकच चिकूच्या झाडांचे फोटो व्हॉट्सअॅपवर टाकतो आणि गिऱ्हाईक थेट त्याला फोन करते. जागा शोधणे सोपे झाले, पण ती विकता येते की नाही, हे कायदाच ठरवतो.

महाभूलेख या सरकारी संकेतस्थळावर गाव आणि गट नंबर टाकला की सातबाऱ्याचा उतारा समोर येतो, तो फक्त माहितीपुरता. डिजिटल सहीचा उतारा १५ रुपयांत मिळतो आणि कार्यालयात चालतो. बरेच जण त्यावरचे नाव आणि क्षेत्र बघतात नि समाधान मानतात. सातबारा हा महसुली अभिलेख आहे, मालकीचा अंतिम पुरावा नाही. म्हणून जुने फेरफार आणि नोंदलेले दस्तही तपासून घ्यावेत. त्याआधी 'इतर अधिकार' हा रकाना सावकाश वाचा, कारण विक्रीवरची बंधने तिथे नोंदलेली असतात.

डहाणू आणि तलासरी दोन्ही अनुसूचित क्षेत्रात आहेत. आदिवासी खातेदाराची जमीन बिगरआदिवासीला विकायची तर महसूल संहितेच्या कलम ३६ अ प्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते आणि त्यासाठी राज्य सरकारची पूर्वमान्यता. वारलींसारख्या आदिवासी कुटुंबांच्या हातून जमीन जाऊ नये म्हणून हे कलम आहे आणि ते असायलाच हवे. 'विक्री नको, ९९ वर्षांचा भाडेपट्टा करू' असे कुणी सुचवले तर बोलणी तिथेच थांबवा. भाडेपट्टा, गहाण, बक्षीस, सगळेच या कलमात येते. मुखत्यारपत्रानेही मालकी मिळत नाही.

जमीन शेतीची असेल तर कुळकायद्याचे कलम ६३ आडवे येते: शेतकरी नसलेल्याला ती परवानगीशिवाय घेता येत नाही. त्यात डहाणू तालुका १९९१ पासून पर्यावरणदृष्ट्या नाजूक क्षेत्र आहे, त्यामुळे जमिनीचा वापर बदलण्यावर जादा बंधने आहेत. जाहिरातीत 'एनए (बिगरशेती) होणार' असे असेल तर आदेशाची प्रत मागा. मोठ्या प्रकल्पाच्या जाहिरातीवर महारेराचा नोंदणी क्रमांक हवाच. तो महारेराच्या साइटवर टाकून बघायला दोन मिनिटे लागतात. हे सगळे जुळेपर्यंत टोकन देऊ नका.

ऑनलाइन नोंदींच्या सोयीचा फायदा तुमच्याइतकाच इथल्या खातेदारालाही आहे. 'आपली चावडी' या सरकारी संकेतस्थळावर गावातल्या फेरफारांच्या नोटिसा दिसतात आणि हरकत घ्यायला पंधरा दिवस मिळतात. तलासरीच्या पाड्यावरचा मुलगा वापीत कामाला असला, तरी आपल्या गटावर कुणी नोंद टाकली का, हे तो तिथूनच बघू शकतो. हरकत मात्र त्याने तलाठ्याकडे लेखी द्यावी आणि पोच घ्यावी.