राग ऐकून ओळखायचा सराव

प्रश्न : मुलगी नववीत आहे. गाते छान, पण संगीत परीक्षेत आलाप ऐकून राग ओळखायचा म्हटलं, की बागेश्री आणि भीमपलासात हमखास गोंधळते. मला गाणं येत नाही. तयारी कशी करून घेऊ?

उत्तर : तुम्हाला गाता येत नसलं तरी हा सराव घरी होतो. तिचा गोंधळ अगदी स्वाभाविक आहे. दोन्ही राग काफी थाटाचे, दोन्हींत गंधार-निषाद कोमल, वादी मध्यम, संवादी षड्ज. तेव्हा कान लावायचा तो मध्यमावरून आलाप वर कसा जातो तिथे. भीमपलास 'म प नि सां' असा पंचमावरून चढतो; आरोहात रिषभ-धैवत वर्ज्य. बागेश्री 'म ध नि सां' अशी धैवत धरून जाते, पंचम अवरोहात जेमतेम भेटतो. हीच जागा तिच्याकडून रोज म्हणवून घ्या. गळ्यातून गेलेलं कानाला लवकर कळतं.

मग नाव न दाखवता अर्ध्या मिनिटाचा तुकडा लावा. कधी गायन, कधी बासरी, कधी सतार. पट्टीही बदलती हवी, कारण मुलं पुष्कळदा राग नव्हे, सवयीचं रेकॉर्डिंग ओळखतात! उत्तर बरोबर आलं तरी 'कशावरून?' हे विचाराच. परीक्षेच्या आदल्या रात्री मात्र नवा राग काढू नका.