बघत होतो, पण दिसली नाही!

गेल्या हिवाळ्यातली गोष्ट. मित्राच्या मोटारसायकलवर मागे बसून मी माजलगावहून बीडला हॉस्टेलवर येत होतो. अंधार पडला होता. समोरून एक ट्रक आला, गेला आणि एकदम पुढ्यात उसाची ट्रॉली! मित्राने कचकन ब्रेक दाबला म्हणून आज हा लेख लिहितोय. तो म्हणाला, "अरे, मी समोरच बघत होतो, पण दिसलीच नाही!" मला ते खोटं वाटलं. नंतर या विषयावर वाचलं, तेव्हा पटलं की तो खरं बोलत होता.

डोळ्यांत शिरतं ते सगळं आपल्याला दिसत नाही. मेंदू त्यातून निवड करतो, तीही तीन प्रकारे.

१) जागा : नजर न हलवताही लक्ष एखाद्या जागी नेता येतं आणि तिथे काही आलं तर ते लवकर कळतं, हे मायकेल पोस्नर यांनी १९८० मध्ये दाखवलं. मित्राचं लक्ष ट्रकच्या दिव्यांनी ओढून नेलं होतं.

२) गुणधर्म : बीडच्या स्टँडवर लाल गाड्यांत एकच हिरवी-पांढरी हिरकणी असेल तर ती शोधावी लागत नाही. पण लाल गाड्यांतून माजलगावची गाडी हवी असेल तर एकेक पाटी वाचावी लागते. (माझ्यासारख्या कॉन्व्हेंटवाल्याचं तर विचारूच नका!) रंगासारखा सुटा गुणधर्म चटकन उठून दिसतो, पण गुणधर्म जोडून बघायचे तर लक्ष एकेका ठिकाणी न्यावं लागतं, असं ॲन ट्रीझमन आणि गॅरी जेलेड यांनी १९८० मध्येच मांडलं.

३) वस्तू : जॉन डंकन यांनी १९८४ मध्ये एकमेकांवर काढलेली चौकट आणि रेघ क्षणभर दाखवली. एकाच वस्तूच्या दोन गोष्टी लोकांनी नीट सांगितल्या. एक चौकटीची आणि एक रेघेची विचारली की चुका वाढल्या. जागा तर तीच होती! म्हणजे लक्ष अख्खी वस्तूही पकडतं.

आता ती ट्रॉली आठवा. लक्ष दुसऱ्या जागी, उठून दिसेल असा रंग नाही, कडा अंधारात मिसळलेल्या. तिन्ही दारं बंद! मागे दोन्ही कडांना लाल रेडियमच्या पट्ट्या असत्या तर रंगही दिसला असता आणि वस्तू किती रुंद आहे तेही.

दिवाळीच्या सुमारास आपल्या जिल्ह्यातली हजारो कुटुंबं ऊसतोडीला जातात. अशाच ट्रॉल्यांवर बसून जातात. मग यंदाच्या एन.एस.एस. शिबिरात वर्गणी काढून रेडियम लावायला सुरुवात करायची का?