छपराचं कर्ज होळीला मागा, मिरगाला नको

ताईंनो, आपल्या गटाचं कर्जमागणीचं रजिस्टर उघडा आणि जूनच्या बैठकीत ‘घरदुरुस्ती’ हे कारण किती जणींनी लिहिलंय ते मोजा. वळवाचा पाऊस पडतो, माजघरात टपटप सुरू होते आणि मग आपण पैसे मागतो. पण तोवर गटातली शिल्लक भाताच्या बियाण्याला आणि मुलांच्या वह्या-पुस्तकांना गेलेली असते. सुतार मिळत नाही, मिळाला तर दुप्पट मजुरी सांगतो. मग चार महिने ताडपत्री, आणि खाली पातेली. पातेली कोण उचलतं हे मी सांगायला नको.

आपल्याकडचा पाऊस साधा नाही. लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस होतो. तुमचं छप्पर ६०० चौरस फूट असेल तर त्यावर एका पावसाळ्यात सव्वादोन लाख लिटर पाणी पडतं. दहा हजार लिटरचे बावीस टँकर धरा! वडगाव, तळेगावकडे पाऊस बराच कमी, पण पवन मावळ, नाणे मावळ, आंदर मावळात जसजसं घाटमाथ्याकडे जाल तसा तो वाढत जातो. त्यामुळे तळेगावच्या बहिणीच्या छपराला जे चालतं ते तुमच्याकडे चालेलच असं नाही.

छप्पर बघायची खरी वेळ भर पावसाची. तेव्हा वर चढायचं नाही, घरातूनच बघायचं. जिथे गळतं तिथे भिंतीवर किंवा वाशावर कोळशाने फुली मारा. चैत्रात सगळं कोरडं झालं की गळती नेमकी कुठे होती ते कुणालाच आठवत नाही, आणि कारागीर अंदाजाने काम करून जातो. एक लक्षात ठेवा, पाणी पडतं त्याच जागी वर भोक असेल असं नाही. ते वाशावरून घरंगळत येतं, म्हणून फुलीच्या वरच्या बाजूलाही बघायला सांगा. दुसरी वेळ दिवाळीनंतरची. तेव्हा ओलीचे डाग ताजे असतात. तिसरी होळीच्या आधी, म्हणजे कामाला दोन-अडीच महिने हातात राहतात.

कौलारू घर असेल तर नुसती कौलं बघू नका, लाकूड बघा. फुटलेलं कौल बदलणं सोपं आहे. वानरांनी उड्या मारल्या की चार-दोन फुटायचीच, त्यासाठी थोडी जादा कौलं पडवीत ठेवावीत. खरा प्रश्न आढं, वासे आणि रिपांचा. वाशावर मातीच्या बारीक रेषा दिसल्या तर वाळवी आहे. लाकडात पेचकस टोचून बघा. सहज आत गेला तर तो वासा गेला समजा. एखाद-दुसरा असेल तर तेवढाच बदला. पण आढ्याला बाक आला असेल, बाहेरून बघताना छप्पर मधे बसल्यासारखं दिसत असेल, तर वरून कौलं चाळून काही उपयोग नाही. कौलं उतरवून लाकूड बदलावं लागेल. चांगली कौलं परत चढवता येतात, ती कुणाला भंगारात देऊ नका.

पत्र्याच्या घरांसाठी ३ जून २०२० आठवा. निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं आणि तिथून घाट चढून मावळ, मुळशी, खेड, जुन्नरवरून गेलं. घरांचे, शाळांचे पत्रे उडाले. आधीच लॉकडाऊन, त्यात सगळ्यांनाच एकदम पत्रे हवे. वारा पत्रा वरून दाबत नाही, कडेकडून खाली शिरून उचलतो. म्हणून वळचणीचे आणि दोन्ही टोकांचे हूक किंवा स्क्रू सगळ्यात आधी तपासा. मधल्यापेक्षा कडेला ते जवळजवळ हवेत. भिंतीबाहेर पत्रा फार लांब काढला असेल तर तिथेच वारा धरतो. आणि ते दगड! पत्र्यावर दगड ठेवणं म्हणजे बंदोबस्त नव्हे. वादळात तोच दगड अंगणात, नाहीतर कुणाच्या डोक्यात येतो.

स्क्रूखालचा रबरी वायसर उन्हाने तडकतो आणि पाणी तिथूनच शिरतं. पत्रा चांगला असेल तर नुसते वायसर आणि स्क्रू बदलून काम भागतं, अख्खा पत्रा बदलायची घाई करू नका. स्क्रू पन्हळीच्या उंचवट्यावर हवा, खोलगट भागात नको. दिवसा दार-खिडक्या लावून वर बघा. उजेडाचे ठिपके खूप दिसले, किंवा गंजलेला पत्रा बोटाने दाबल्यावर चुरा झाला, तर मात्र डांबर फासून पैसे घालवू नका, बदला.

सिमेंट पत्र्याचं वेगळं सांगायला हवं. तो वरून धडधाकट दिसतो आणि पाय ठेवला की एकदम फुटतो. त्यावर थेट चढू नका, मुलाला पतंग काढायलाही चढवू नका. कारागिराने हुकांच्या रेषेत फळ्या टाकून त्यावरूनच चालायचं. शिवाय जुन्या सिमेंट पत्र्यांत बहुतेक वेळा अ‍ॅस्बेस्टॉस असतो. त्याची धूळ श्वासातून गेली तर फुप्फुसाचे आजार आणि कॅन्सर होऊ शकतो. म्हणून तो कोरडा घासू नका, कापू नका, हातोड्याने फोडू नका. काढायचा झाला तर पाणी मारून अख्खा उतरवा आणि तुकडे वाटेवर किंवा कोंबड्यांच्या खुराड्याला वापरू नका.

स्लॅब आहे म्हणजे चिंता मिटली असं नसतं. पोपडे पडत असतील, गंजाचे तांबडे डाग असतील, ठोकल्यावर पोकळ आवाज येत असेल, तर आतली सळई गंजते आहे. सळई उघडी दिसली की रंग-पुट्टी थांबवा आणि अभियंत्याला दाखवा. वॉटरप्रूफिंग स्लॅब पूर्ण सुकल्यावरच करायचं असतं, म्हणजे उन्हाळ्यातच.

आता पैशाचं. समजा २०,००० रुपये लागणार आहेत. गटाकडून शेकडा १ रुपया महिना व्याजाने घेतले आणि दर महिना १,००० मुद्दल फेडलं, तर वीस महिन्यांत एकूण व्याज २,१०० रुपये होतं. तेच जूनमध्ये अडून बाहेरून शेकडा ५ ने घेतले तर दोनच महिन्यांचं व्याज २,००० होतं, आणि मुद्दल तसंच. त्यामुळे माझं मत असं, की फेब्रुवारीच्या बैठकीतच प्रत्येकीने आपल्या छपराची अवस्था सांगावी आणि छपरासाठी किती रक्कम राखायची ते गटाने ठरवावं. चार-पाच घरांचं काम एकत्र काढलं तर कारागीर आणि टेम्पो दोन्ही स्वस्तात पडतात.

आणि एक विचारते, राग मानू नका. कर्ज तुमच्या नावावर, हप्ता तुमच्या मजुरीतून, पण घर कुणाच्या नावावर आहे? ग्रामपंचायतीच्या नमुना ८ ला पती-पत्नी दोघांचं नाव लागतं. घरात बोलून त्यासाठी ग्रामपंचायतीकडे अर्ज करा. काम काढण्याआधी हा विषय निघाला तर बरा, नंतर तो राहूनच जातो.

काम झालं की छपराचे चारही बाजूंनी फोटो काढून मोबाईलमध्ये ठेवा. पुढे वाऱ्या-पावसाने नुकसान झालं तर आवरायच्या आधी पुन्हा फोटो काढा आणि लगेच तलाठी व ग्रामसेवकांना लेखी कळवून पंचनामा मागा. पंचनाम्याची नक्कल आणि पत्र्यांची पावती गटाच्या फाईलमध्ये लावली तरी चालेल. घरात भिजण्यापेक्षा ती तिथे कोरडी राहील.