प्रसिद्ध माणसांचे खासगी आयुष्य

धरमतर

चि. भाच्यास,

पुढाऱ्याने निधी कुठे खर्च केला, नटाचा सिनेमा का पडला, खेळाडूच्या हातून झेल कसा सुटला, यावर कोणीही बोलावे. ते काम लोकांपुढेच झालेले असते. घर, आजारपण, मुलेबाळे आणि गप्प राहण्याची इच्छा मात्र ज्याची त्याची.

याचे ठळक उदाहरण पेण तालुक्यातलेच आहे. गागोद्याला १८९५ साली जन्मलेले विनोबा भावे भूदानासाठी वर्षानुवर्षे देशभर पायी फिरले. १९७० मध्ये त्यांनी क्षेत्रसंन्यास घेतला आणि पवनारच्या आश्रमातच राहायचे ठरवले. २५ डिसेंबर १९७४ पासून वर्षभर मौन पाळले. त्या मौनाच्या काळातच आणीबाणी आली आणि मौनात त्यांनी लिहिलेल्या ‘अनुशासन पर्व’ या दोन शब्दांचा सरकारी बाजूने भरपूर प्रचार झाला. आणीबाणीबद्दल विनोबांना जाब विचारणे गैर नव्हते. प्रश्न साऱ्या देशाचा होता. पण न बोलणाऱ्याच्या तोंडी आपल्या सोयीचा अर्थ घालणे ही घुसखोरीच, मग ती कोणीही करो. नोव्हेंबर १९८२ मध्ये त्यांनी अन्न आणि औषध सोडले, तेव्हाही त्यांच्या निर्णयाची देशभर चर्चा झाली.

कायद्यानेही साधारण हीच रेघ ओढली आहे. राजगोपाल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मध्ये सांगितले की पदावरच्या कामाबद्दल सरकारी अधिकाऱ्याला खासगीपणाची सबब पुढे करता येत नाही. २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात नऊ न्यायाधीशांनी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. अर्थात रस्त्यावरच्या मोबाइलला आवर घालायला कोर्ट येत नाही. तिथे रीतभातच उपयोगी पडते.

अलिबागकडे बंगले असलेली नटमंडळी आणि क्रिकेटपटू एकतर बोटीने मांडव्याला उतरतात, नाहीतर वडखळवरून धरमतरचा पूल ओलांडतात. शनिवारी वडखळला गाड्या तुंबल्या की एखाद्या काचेआड ओळखीचा चेहरा दिसतो. हात हलवावा, हसावे. काचेला मोबाइल टेकवू नये. गाडीचा नंबर ग्रुपवर टाकणे तर त्याहून वाईट, कारण गाडी पोयनाडला पोचेपर्यंत तिथे गर्दी जमलेली असते. मागच्या सीटवर झोपलेल्या लेकराने प्रसिद्ध व्हायचे ठरवलेले नसते.

हॉटेलात काम करणाऱ्यावर जबाबदारी जास्त, कारण खोलीची किल्ली त्याच्याकडे असते. ऑक्टोबर २०२२ मध्ये पर्थला विराट कोहली बाहेर असताना त्याच्या खोलीचे चित्रीकरण झाले आणि ते सगळीकडे फिरले. कपडे, बूट, सगळे लोकांनी पाहिले. हॉटेलला माफी मागावी लागली आणि संबंधितांना कामावरून दूर करावे लागले.

फोटो हवाच असेल तर समोरच्याचे जेवण आटोपू द्यावे, मग विचारावे. नाही म्हटले तर कारण विचारू नये, आणि ‘फार शिष्ट आहेत’ असे गावभर सांगत सुटू नये.

तुझा,
मामा