न दिसणारे कण

दापोली तालुक्यातील बुरोंडी हे अरबी समुद्राच्या काठी वसलेले गाव. समुद्र हा येथील कोळ्यांचा पोशिंदा. जाळ्यात मासा अडकतो, परंतु वाळूचा कण आसांतून सहज निसटतो. अशाच निसटणाऱ्या, पण वाळूहून फार निराळ्या कणांची ही हकीकत आहे.

चेहरा घासून स्वच्छ करण्याच्या काही प्रसाधनांत बारीक, खरखरीत कण असतात. ते कशाचे असतात? इंग्लंडमधील प्लिमथ विद्यापीठाच्या इमोजेन नॅपर व त्यांचे सहकारी यांनी याचा शोध घेतला. त्यांनी अशी सहा प्रसाधने कढत पाण्यात मिसळून गाळणकागदातून गाळली. साबण व तेल पाण्याबरोबर गेले. कण मात्र कागदावर राहिले. ते वाळवून तपासले, तेव्हा पॉलिथिनचे निघाले. पिशव्या बनतात तोच हा पदार्थ! वजन व आकार यांवरून संख्येचा हिशेब झाला. २०१५ साली तो प्रसिद्ध होताच लोक चकित झाले. चमचाभर प्रसाधनातून एका वेळी ४,५९४ ते ९४,५०० कण मोरीत जाऊ शकत होते.

दिवाळीच्या पहाटे लावलेले उटणेही मोरीतूनच वाहून जाते. पण ते कुजून मातीस मिळते. प्लॅस्टिकचा कण तसा कुजत नाही. सांडपाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रांतूनही काही कण निसटतात व नदीवाटे समुद्रास मिळतात. तेथील सूक्ष्म जीव ते अन्न समजून गिळतात आणि त्या जीवांवर मासे जगतात.

समुद्रात गेलेला कण कोणत्या जाळ्याने काढावा? म्हणून उपाय उगमापाशीच हवा. अमेरिकेने २०१५ साली व ब्रिटनने २०१८ साली अशा कणांवर कायद्याने बंदी आणली. भारतीय मानक ब्यूरोनेही २०१७ साली ते प्रसाधनांत वापरण्यास असुरक्षित ठरविले.

समुद्रातील प्लॅस्टिकचा हा एक लहानसा भाग होय. फाटक्या पिशव्या, कृत्रिम कपड्यांचे धागे यांचाही त्यात वाटा आहे. तथापि जो कण मुद्दाम घातला जातो, तो न घालणे सर्वांत सोपे. मोरीचे पाणी अखेर समुद्रासच मिळते, आणि बुरोंडीच्या कोळ्याची भाकरी त्याच समुद्रावर अवलंबून आहे.

शब्दार्थ : आस – जाळ्यातील छिद्र. पोशिंदा – पोसणारा. उगम – आरंभाचे ठिकाण.

स्वाध्याय
१. शास्त्रज्ञांनी कण वेगळे कसे केले?
२. उटणे व प्लॅस्टिकचे कण यांत कोणता फरक आहे?
३. ‘उपाय उगमापाशीच हवा’ असे का म्हटले आहे?