सही पालकांची, होकार मुलाचा

शाळाशाळांतून मुलांची वजन-उंची मोजताना आणि रक्त तपासताना पक्की झालेली ही काही मतं.

१. मुख्याध्यापकांच्या परवानगीने शाळेचं फाटक उघडतं, एवढंच. लेकराच्या बोटाला सुई टोचायची तर त्याच्या आईवडिलांनाच विचारायला हवं. २००९ साली आंध्रातल्या खम्मम जिल्ह्यात 'पाथ' या संस्थेच्या अभ्यासासाठी शाळकरी मुलींना गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरची लस टोचली गेली. संसदेच्या स्थायी समितीच्या २०१३ च्या अहवालात त्यातल्या संमतीपत्रांचा हिशेब आहे: ९,५४३ पत्रांपैकी २,७६३ पत्रांवर सह्या वसतिगृहाच्या अधीक्षकांच्या. आपल्या आश्रमशाळांत संशोधनाला जाणाऱ्या प्रत्येकाने तो हिशेब एकदा वाचावा. आईबाप लांबच्या पाड्यावर असतात, ही अडचण खरी आहे. म्हणून तर पाड्यावर जायचं.

२. बीडकडे काम असेल तर पालकसभा टोळ्या ऊसतोडीला निघण्याआधी घ्या. नंतर घरात आजी आणि नातवंडंच उरतात. अशाच एका आजीला मी संमतीपत्र वाचून दाखवत होते. मध्येच थांबवून तिने विचारलं, "रगत नेता ते नेता, पण पोराला काय निघालं तर आमाला सांगाल का?" फडावरच्या मुलाला फोन लावून त्यालाही तिने सगळं पुन्हा ऐकवायला लावलं. रक्त कमी निघालं तर घरी कोण कळवणार आणि गोळ्या कुठे मिळणार, हे तेव्हापासून आमच्या पत्रकात पहिल्याच परिच्छेदात असतं. वाचता न येणाऱ्या पालकाचा अंगठा घेताना आमच्या गटाबाहेरचा साक्षीदार शेजारी हवा.

३. 'हरकत असेल तरच कळवा' अशी चिठ्ठी पाठवून मोकळं होणं मला मान्य नाही. दप्तराच्या तळाशी चुरगळून पडलेला कागद होकार कसा ठरेल?

४. पालकांची सही झाली तरी मूल उरतंच. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूत्रांप्रमाणे सात ते बारा वर्षांच्या मुलाचा तोंडी आणि त्यापुढे अठरापर्यंत लेखी होकार घ्यायचा असतो. सहावीतली एक मुलगी रांगेत पुढे आली आणि तिने दोन्ही हात पाठीमागे नेले. सर म्हणाले, "अगं, आईने सही दिलीय ना!" आम्ही तिचं नाव वगळलं. मुलांना विचारताना शिक्षकांना आम्ही आता वर्गाबाहेर थांबायची विनंती करतो. त्यांच्यासमोर नाही म्हणायला फार धीर लागतो.

५. तपासणीला हो म्हणो की नाही, खाऊ सगळ्या वर्गाला सारखा.

६. संमतीपत्राची एक प्रत घरी राहू द्या, त्यावर चालू असलेला फोन नंबर द्या. महिन्याने एखादा बाप फोन करून म्हणाला, "आमच्या पोराचं नाव काढा," तर कारण न विचारता काढा, आणि काढल्याचं त्याला कळवा.