दारावरची थाप

निवडणूक जवळ आली की मोहल्ल्यात कार्यकर्ते घरोघरी फिरू लागतात. ते दार वाजवतात, सलाम-नमस्कार करतात, पत्रक देतात आणि आपल्या उमेदवारासाठी मत मागतात. त्यांतील काही जण पैशांसाठी नव्हे, तर पक्षाचा विचार पटला म्हणून हे काम करतात. अशांना स्वयंसेवक म्हणतात.

हे काम सोपे नाही. कोणी पाणी विचारतो, कोणी दारातूनच परत पाठवतो. एखादी आजी विचारते, "बेटा, मागच्या वेळी नळ देणार होते, त्याचे काय झाले?" खरा कार्यकर्ता अशा वेळी चिडत नाही. तो ऐकून घेतो. उत्तर माहीत नसेल, तर तसे स्पष्ट सांगतो.

प्रचाराला कायद्याची मर्यादा आहे. १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यानुसार मतासाठी पैसे देणे, धमकावणे, धर्माच्या किंवा जातीच्या नावाने मत मागणे हे गैरप्रकार आहेत. मतदानाच्या दिवशी केंद्रापासून १०० मीटरच्या आत प्रचार करता येत नाही.

पूर्वी मतदानाचे वय २१ वर्षे होते. १९८९ साली ते १८ झाले. तुम्ही अजून लहान आहात. मुलांना प्रचारात वापरू नये, असे निवडणूक आयोगाने पक्षांना बजावले आहे. म्हणून कोणी खाऊ देऊन पत्रके वाटायला सांगितले, तर नम्रपणे नकार द्या. मात्र दारात आलेल्याचे बोलणे ऐका व प्रश्न विचारा. मत मागण्याचा हक्क कार्यकर्त्याला आहे. ते कोणाला द्यायचे, हे फक्त मतदाराने ठरवायचे.